रूट ६६ : मेलेल्या रस्त्याचे स्मरणरंजन

यंदा भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर २०२६ रोजी, अमेरिकेतल्या एका रस्त्याला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. शिकागोपासून लॉस एंजलिसपर्यंत आठ राज्यांतून २,४४८ मैल, म्हणजे सुमारे ३,९४० किलोमीटर जाणारा हा रस्ता ‘रूट ६६’ या नावाने जगभर ओळखला जातो. त्याच्या शताब्दीसाठी अमेरिकी संसदेने कायदा करून खास आयोग नेमला. गंमत अशी, की ज्याची ही शताब्दी तो महामार्ग सरकारदरबारी आज अस्तित्वातच नाही. जून १९८५ मध्ये त्याचा क्रमांक महामार्गांच्या यादीतून काढून टाकण्यात आला. म्हणजे रस्ता जगला जेमतेम एकोणसाठ वर्षे आणि त्याला जाऊन आता एक्केचाळीस वर्षे झाली. (आपल्याकडे पनवेलहून कोकण-गोव्यामार्गे कन्याकुमारीला जाणाऱ्या महामार्गालाही आता ६६ हाच क्रमांक आहे; तो निव्वळ योगायोग. या लेखातला सहासष्ट वेगळा.)

मी हा रस्ता डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण गेली काही वर्षे त्याचे जुने नकाशे, प्रवासपुस्तिका, छायाचित्रे आणि त्यावर लिहिले गेलेले ग्रंथ वाचत आलो आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांनी आपले कितीतरी जुने कागद संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. त्यामुळे कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माझ्यासारख्या माणसालाही घरबसल्या हा उद्योग करता येतो. वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून राहिला : बंद पडलेल्या रस्त्यावर लोक इतके प्रेम का करतात?

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने घडवला. परमुलखात चाकरीला गेलेल्यांना घराच्या आठवणीने जो आजार जडे, त्याचे ते नाव होते. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो आणि त्यातले ‘रंजन’ फार अर्थपूर्ण आहे. रूट ६६ च्या बाबतीत आणखी एक पेच आहे. इथे ओढ घराची नाही, घर सोडून निघण्याची आहे. ज्यांनी तो रस्ता कधी वापरला नाही, ज्यांचा जन्मही तो बंद पडल्यानंतरचा, अशा जर्मन, जपानी, नॉर्वेजियन माणसांनाही ती लागते. माझ्या वाचनातून मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा : ही ओढ आपोआप लागलेली नाही. दर पिढीत ती कोणीतरी, बहुधा पोटापाण्यासाठी, घडवली. आणि घडवताना दर वेळी कोणीतरी चित्राबाहेर राहिले.

आकड्याची जाहिरात

१९२५ पर्यंत अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांना क्रमांक नव्हते, नावे होती : लिंकन हायवे, नॅशनल ओल्ड ट्रेल्स रोड आणि अशी कितीतरी. खासगी मंडळे रस्त्याला नाव देत, खांबांवर रंगीत पट्टे रंगवत आणि वाटेवरच्या गावांकडून वर्गणी जमवत. हा गोंधळ मोडण्यासाठी केंद्र सरकारने १९२५ मध्ये एक मंडळ नेमले. ओक्लाहोमा राज्यातल्या तुलसा शहराचे सायरस एव्हरी या कामात सल्लागार होते. एव्हरी तेल आणि जमिनींच्या व्यवहारातले गृहस्थ. शहराबाहेर त्यांचा पेट्रोल पंप होता, उपाहारगृह होते. पश्चिमेकडे जाणारी जुनी व्यापारी वाट कॅन्ससमधून जात होती. एव्हरींनी नवा रस्ता दक्षिणेला वळवून आपल्या तुलसातून आणि ओक्लाहोमा सिटीतून नेला. कॅन्ससच्या वाट्याला शेवटी तेरा मैल आले.

क्रमांकावरून भांडण झाले ते वेगळेच. मोठ्या पूर्व-पश्चिम रस्त्यांना शून्याने संपणारे आकडे द्यायचे ठरले होते आणि एव्हरींना ६० हवा होता. केंटकीचे गव्हर्नर विल्यम फील्ड्स यांना तोच आकडा आपल्या राज्यातून जाणाऱ्या रस्त्यासाठी हवा होता, कारण केंटकीला शून्याचा एकही रस्ता मिळाला नव्हता. महिनोन्‌महिने पत्रे आणि तारा चालल्या. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिसूरीतल्या स्प्रिंगफील्ड गावी एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की ६६ हा आकडा अजून कोणालाच दिलेला नाही. त्यांनी तशी तार केली आणि तडजोड झाली. दोन सारखे आकडे, उच्चारायला सोपे, फलकावर शोभून दिसणारे. पुढच्याच वर्षी फिलिप्स कंपनीने आपल्या पेट्रोलला ‘फिलिप्स ६६’ हे नाव दिले, त्यामागेही हा रस्ता होता.

१९२७ मध्ये तुलसात ‘यू. एस. ६६ हायवे असोसिएशन’ स्थापन झाली. रस्त्याला ‘अमेरिकेची मेन स्ट्रीट’ म्हणण्याची जाहिरात तिने चालवली. १९२८ मध्ये लॉस एंजलिस ते न्यूयॉर्क अशी पायी धावण्याची शर्यत झाली, तिचा शिकागोपर्यंतचा मार्ग याच रस्त्याने होता. १९९ जण धावायला निघाले, ८४ दिवसांनी ५५ जण पोहोचले. पहिला आला अँडी पेन हा ओक्लाहोमाचा विशीतला चेरोकी शेतकरीपुत्र. बक्षिसाच्या २५,००० डॉलरमधून त्याने घरच्या शेतावरचे गहाण सोडवले. वर्तमानपत्रांतून रस्त्याचे नाव गाजले. त्या वेळी रस्ता बहुतांश मातीचा आणि खडीचा होता. तो सलग पक्का व्हायला १९३८ उजाडले. रस्त्याच्या आधी त्याची जाहिरात तयार होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

आणखीही एक गोष्ट. ज्या तुलसातून या रस्त्याची घडण झाली, त्याच शहरातली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती पाच वर्षांपूर्वी, ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी, गोऱ्या जमावाने जाळून टाकली होती. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा, असे राज्याच्या आयोगाने २००१ मध्ये म्हटले. ‘अमेरिकेची मेन स्ट्रीट’ या जळालेल्या घरांच्या गावातून निघाली होती.

निर्वासितांची वाट

१९३० च्या दशकात मंदी आली, पाऊस हटला आणि मैदानी प्रदेशातली नांगरून मोकळी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तिथे आजही ‘काळा रविवार’ म्हणतात. पण कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सगळ्यांनाच धुळीने हाकलले नव्हते. पुष्कळ जण कापूस पिकवणारी कुळे होती. पेरा कमी करण्यासाठी सरकारने जमीनमालकांना अनुदान दिले, त्या पैशातून मालकांनी ट्रॅक्टर घेतले आणि कुळांची गरज संपली. दोन लाखांहून अधिक लोक कॅलिफोर्नियात गेले. त्यांच्यातल्या फार मोठ्या लोंढ्याची वाट होती रूट ६६.

तिथे त्यांचे स्वागत कसे झाले? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजलिसचे पोलिसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमांवर धाडले. खिशात पैसे नसलेल्यांना परत फिरवायचे, हे त्यांचे काम. एका शहराचे पोलीस शेकडो मैलांवरच्या राज्यसीमेवर उभे राहिले आणि हा प्रकार सुमारे दोन महिने चालला. गरिबाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गुन्हाच होता. टेक्सासहून आपल्या बेकार मेहुण्याला गाडीत घालून आणणाऱ्या फ्रेड एडवर्ड्स नावाच्या माणसाला त्याखाली शिक्षा झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. देशातल्या देशात मोकळेपणाने प्रवास करण्याचा हक्क अमेरिकेतल्या गरिबाला असा एका मेहुण्यामुळे स्पष्ट शब्दांत मिळाला. रस्त्यावरच्या स्वातंत्र्याची गाणी गाणाऱ्यांना हा खटला सहसा ठाऊक नसतो.

जॉन स्टाइनबेक यांनी १९३६ मध्ये या स्थलांतरितांच्या छावण्या फिरून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. त्यातून १९३९ मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी उभी राहिली. तिच्यातच या रस्त्याला ‘मदर रोड’ हे नाव मिळाले. स्टाइनबेक यांच्या मनातली ही आई पळून येणाऱ्यांना पोटाशी धरणारी आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या कर्न कौंटीने या पुस्तकावर आपल्या शाळा-ग्रंथालयांत बंदी घातली. १९४० मध्ये जॉन फोर्ड यांनी त्यावर चित्रपट केला आणि वुडी गथ्री यांनी धुळीच्या मुलखातली गाणी ध्वनिमुद्रित केली. या सगळ्यात रंजन औषधालाही नव्हते. आज मात्र ‘मदर रोड’ ही अक्षरे चहाच्या मगावर आणि टी-शर्टवर छापलेली मिळतात.

एक रस्ता, तीन याद्या

दुःखाच्या रस्त्याचा मौजेचा रस्ता झाला तो १९४६ मध्ये. युद्ध संपले होते, पेट्रोल आणि टायर यांवरचे रेशनिंग उठले होते, सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हातात पैसा होता. बॉबी ट्रूप हा तरुण गीतकार पत्नीसह पेनसिल्व्हेनियाहून लॉस एंजलिसला नशीब काढायला निघाला. या रस्त्यावर गाणे लिही, ही कल्पना आणि गाण्याचे शीर्षक पत्नी सिंथिया हिने सुचवले. नॅट किंग कोल यांनी ते त्याच वर्षी गायले. पुढे चक बेरी यांनी गायले, १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सनी गायले आणि ते इंग्लंडपासून सगळीकडे पोहोचले. गाणे म्हणजे जवळपास गावांची यादीच आहे. नावांना ताल आहे, एवढ्याच भांडवलावर ते उभे आहे.

त्याच वर्षी आणखी एक यादी निघाली. जॅक रिटनहाउस यांनी एका चिमुकल्या गाडीतून हा रस्ता पालथा घातला आणि ‘हायवे ६६’ ची मार्गदर्शिका स्वतःच छापून काढली. कोणत्या गावात गॅरेज आहे, कुठे राहण्याची सोय आहे, कुठला घाट अवघड आहे, वाळवंटात जाताना पाणी बरोबर का ठेवावे, असा तिचा रोखठोक मजकूर. गाण्यात जे गाव टाळीसारखे वाजते, ते रिटनहाउस यांच्या पुस्तिकेत पंक्चर काढण्याचे ठिकाण असते.

तिसरी यादी या दोन्हींच्या आधीची. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या, टपाल वाटण्याचे काम करणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढायला सुरुवात केली, ती ‘ग्रीन बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. युद्धकाळातला खंड सोडला तर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती निघत राहिली. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणती खानावळ, कोणाचे खासगी घर कृष्णवर्णीयांना आसरा देईल, याची ती यादी. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तिचे अंक संगणकावर ठेवले आहेत. ते मी पानन्‌पान चाळले आहेत. त्यात छापलेल्या नावांपेक्षा गाळलेली गावेच अधिक बोलतात. रूट ६६ ज्या ८९ कौंटींतून जात होता, त्यांतल्या जवळपास निम्म्या ‘सनडाउन’ प्रकारच्या होत्या, असे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. सनडाउन म्हणजे सूर्य मावळण्याआधी कृष्णवर्णीयांनी तिथून निघून जायचे. तसे फलकच कित्येक गावांच्या वेशीवर असत. अशा मुलखातून जाणारे कुटुंब घरूनच जेवण बांधून घेई, पेट्रोलचा जादा डबा ठेवी आणि रात्री गाडीतच झोपे. नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला हा भेदभाव १९६४ मध्ये बेकायदा ठरवला.

आता या तीन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली यादी जगाला पाठ झाली, दुसरी संग्राहकांच्या कपाटात गेली, तिसरी अनेक दशके विस्मरणात पडली. आणि पहिली यादी ज्याच्या आवाजात अजरामर झाली, त्या नॅट किंग कोलनाच आपण गायलेल्या कितीतरी गावांत मुक्कामाला खोली मिळाली नसती. १९४८ मध्ये त्यांनी लॉस एंजलिसच्या हँकॉक पार्क भागात घर घेतले, तेव्हा तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी त्यांना हुसकावण्यासाठी संघटित मोहीम केली. कोल हटले नाहीत, तिथेच राहिले. रस्त्याच्या शेवटच्या टोकाला, गाण्यात ज्या शहरी पोहोचायचे तिथे, गायकाची ही गत होती.

टिपीच्या आकाराच्या खोल्या

रूट ६६ चे आजचे चित्र डोळ्यांपुढे आणले, की निऑनचे दिवे, पेट्रोल पंप आणि छोटी मोटेल दिसतात. या कडेच्या दुनियेचे अर्थशास्त्र साधे होते. गाडी ताशी पन्नास मैलांनी जात असेल, तर चालकाचे लक्ष वेधायला दुकानदाराला काही क्षणच मिळतात. म्हणून पाटी मोठी, दिवे रंगीबेरंगी आणि इमारत चमत्कारिक. न्यू मेक्सिकोतल्या टुकुमकारीचे ‘ब्लू स्वॅलो’ मोटेल १९३९ चे. त्याचा निळा निऑन पक्षी आज असंख्य छायाचित्रांत आहे.

सर्वांत चमत्कारिक म्हणजे ‘विगवाम’ मोटेल. सिमेंटचे उंच शंकू, प्रत्येक शंकूत एक खोली. ॲरिझोनातल्या हॉलब्रुकला १९५० च्या सुमारास आणि कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळ त्याच्या थोडे आधी ती उभी राहिली. ‘इंडियन’ लोकांच्या घरात झोपा, अशी त्यांची भुरळ. पण विगवाम हे ईशान्येकडच्या जंगलांतल्या जमातींचे घुमटाकार घर. शंकूच्या आकाराची ती टिपी, मध्यवर्ती मैदानांतल्या जमातींची. हॉलब्रुकच्या आसपास राहणाऱ्या नवाहो लोकांचे घर ‘होगन’ तिसऱ्याच प्रकारचे, आणि होपी व पुएब्लो जमातींची घरे दगडामातीची, मजल्यांवर मजले चढवलेली. म्हणजे नाव एकाचे, आकार दुसऱ्याचा, जमीन तिसऱ्याची. रूट ६६ पंचवीसहून अधिक आदिवासी राष्ट्रांच्या प्रदेशांतून जातो. त्यांतले अनेक कारागीर रस्त्याकडेला दागिने, भांडी, गालिचे विकून गुजराण करत. त्यांचे चित्र फलकांवर होते, दुकानाची मालकी बहुधा दुसऱ्याकडे होती.

यातल्या सॅन बर्नार्डिनोजवळच्या मोटेलची पुढची कथा आपल्या देशाशी येऊन भिडते. ते मोडकळीला आले होते. २००३ मध्ये भारतीय वंशाच्या एका पटेल कुटुंबाने ते विकत घेतले, डागडुजी केली आणि पुन्हा नावारूपाला आणले. ही एकट्या कुटुंबाची गोष्ट नाही. १९६५ चा नवा स्थलांतर कायदा, १९७२ मधली युगांडातून झालेली हकालपट्टी आणि १९७० च्या दशकातले तेलसंकट यांच्या संगमावर, दक्षिण गुजरातेतून आणि आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी अमेरिकेतली पडत्या भावातली मोटेल घेतली. मोठ्या रस्त्याने वळसा घातल्यामुळे जुन्या रस्त्यावरची मोटेल स्वस्त झाली होती. मालकच मोटेलात राहणार, घरातलेच सगळे चादरी बदलणार, हिशेब ठेवणार. तेव्हा कुठे ती परवडत. त्या काळात शेजारच्या मोटेलांवर ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या लागल्या. त्या पाट्यांचा रोख कोणाकडे होता हे सांगायला नको. आज ज्यांना ‘खऱ्या अमेरिकेचा’ अनुभव हवा असतो असे प्रवासी त्याच पटेलांच्या गल्ल्यावर किल्ली मागतात. एका ‘इंडियन’च्या नावाने बांधलेले मोटेल दुसऱ्या ‘इंडियन’ने वाचवले, ही नियतीची थट्टा कोणत्याही गाण्यात आलेली नाही.

पडद्यावरचा रस्ता आणि जमिनीवरचा

२९ जून १९५६ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नव्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचे ‘इंटरस्टेट’ रस्ते बांधायचे, त्यांवर ठरावीक ठिकाणीच चढायचे-उतरायचे, मध्ये चौक नाही, सिग्नल नाही, गावाची पेठ नाही. आयझेनहॉवर तरुणपणी, १९१९ मध्ये, लष्करी गाड्यांच्या ताफ्याबरोबर चिखलातून देश ओलांडून गेले होते. पुढे युद्धात त्यांनी जर्मनीचे रुंद रस्ते पाहिले होते. त्यांचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. अरुंद रूट ६६ वर इतके अपघात होत, की त्याला ‘रक्ताळलेला ६६’ असे टोपणनाव पडले होते.

रस्ता मोडीत निघण्याचा निर्णय झाल्यानंतर चार वर्षांनी, १९६० मध्ये, सीबीएस वाहिनीवर ‘रूट ६६’ ही मालिका सुरू झाली. दोन तरुण कॉर्व्हेट गाडीतून देशभर भटकतात, अशी तिची मांडणी. चार वर्षे ती चालली. तिचे बहुतेक भाग रूट ६६ वर चित्रित झालेच नव्हते. ते देशभर इतरत्र घेतले होते. म्हणजे तोपर्यंत ‘६६’ हे एका मनःस्थितीचे नाव झाले होते. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटात मोटारसायकलवरच्या दोघांना मोटेलवाला खोली नाकारतो तो प्रसंग ॲरिझोनात याच रस्त्यावर घेतलेला आहे. लांब केसांच्या गोऱ्या तरुणांना दार बंद झाले, तेव्हा ते दृश्य पडद्यावर आले. त्याआधी तीस वर्षे इतरांना तेच दार बंद होते, त्याचे दृश्य कोणी केले नव्हते.

स्मरणरंजनाला न मानवणारी गावेही या रस्त्यावर आहेत. मिसूरीतल्या टाइम्स बीच गावाने कच्च्या रस्त्यांवरची धूळ बसवण्यासाठी टाकाऊ तेल फवारून घेतले. त्यात डायॉक्सिन हे विष होते. ते उघड झाल्यावर १९८३ मध्ये केंद्र सरकारने अख्खे गाव विकत घेतले आणि माणसे हलवली. आज तिथे ‘रूट ६६ स्टेट पार्क’ आहे. लोक तिथे फिरायला जातात.

सेलिग्मनचे केशकर्तनालय

ॲरिझोनात सेलिग्मन नावाचे लहानसे गाव आहे. २२ सप्टेंबर १९७८ रोजी गावाला वळसा घालणारा इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि दिवसाला हजारो गाड्या येणारी पेठ एका दिवसात ओस पडली. मेक्सिकन वंशाचे एंजल डेलगाडियो तिथे केशकर्तनालय चालवत. त्यांचे भाऊ हुआन यांचे ‘स्नो कॅप’ हे खाण्याचे दुकान १९५३ पासूनचे. गिऱ्हाइके गेली, दुकाने बंद पडू लागली, तरुण गाव सोडू लागले. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी त्याच राज्यातल्या विल्यम्स गावालाही वळसा पडला. इंटरस्टेटने ओलांडलेले ते रूट ६६ वरचे शेवटचे गाव. पुढच्या जूनमध्ये क्रमांकही गेला.

डेलगाडियो यांनी फेब्रुवारी १९८७ मध्ये गावकऱ्यांना गोळा करून ‘हिस्टॉरिक रूट ६६ असोसिएशन ऑफ ॲरिझोना’ स्थापन केली. मागणी एकच : या जुन्या रस्त्याला राज्याने ऐतिहासिक म्हणून घोषित करावे. त्याच वर्षी राज्याने सेलिग्मन ते किंगमन हा टप्पा तसा घोषित केला. हळूहळू प्रवासी येऊ लागले. इतर राज्यांतही संघटना झाल्या. १९९० मध्ये मायकेल वॉलिस यांचे रूट ६६ वरचे पुस्तक गाजले. १९९९ मध्ये केंद्राने कायदा करून जुन्या इमारतींच्या जतनासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत अनुदान सुरू केले. २००६ मध्ये पिक्सारच्या ‘कार्स’ने वळसा पडलेल्या गावाची गोष्ट जगभरच्या मुलांना सांगितली. तिच्या निर्मात्यांनी वॉलिस यांच्यासोबत हा रस्ता फिरून डेलगाडियो यांची भेट घेतली होती. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नीच्या बागेत चित्रपटातले ते काल्पनिक गाव खरोखरचे बांधले गेले आणि तिथे तिकीट लागते.

विद्वान लोक या सगळ्याकडे नाक मुरडून पाहतात. मग दुकानातल्या फलकांवरून, जुन्या गाड्यांच्या सांगाड्यांवरून ‘खोटी आठवण’ असे शेरे मारले जातात. मला ते पटत नाही. सेलिग्मनच्या लोकांनी आठवणींचा बाजार मांडला, कारण विकण्यासारखे दुसरे काही त्यांच्यापाशी उरले नव्हते. एव्हरींनी १९२७ मध्ये जे केले तेच त्यांनी साठ वर्षांनी केले : गाडी आपल्या गावात थांबावी म्हणून रस्त्याची गोष्ट रचली. फरक इतकाच, की एव्हरींची गोष्ट येणाऱ्या काळाची होती आणि यांची गेलेल्या काळाची.

शताब्दीचा हिशेब

पण पोटापाण्यासाठी गोष्ट रचणाऱ्याचा हक्क मान्य केला, तरी गोष्टीत कोणाला जागा मिळाली हा प्रश्न उरतो. जुन्या रस्त्याचा सुमारे ८५ टक्के भाग आजही गाडीने फिरता येतो. त्याच्या कडेची कोणती भिंत सावरायची आणि कोणती पडू द्यायची, हे ठरवणारी गोष्टच असते. निधी तिथे जातो जिथे लोकांच्या आठवणीतले चित्र आधीपासून असते. निळ्या निऑनला पैसे मिळणे सोपे आहे.

ओक्लाहोमात तुलसा आणि ओक्लाहोमा सिटी यांच्या दरम्यान लूथर गावाजवळ एक छोटी दगडी इमारत आहे. ॲलन थ्रेट या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने १९१५ च्या सुमारास स्वतःच्या शेतजमिनीवर, तिथल्याच वालुकाश्मात बांधलेला हा पेट्रोल पंप. पुढे त्याच्या समोरून रूट ६६ गेला. आजूबाजूच्या मुलखात सनडाउन गावे असताना इथे कृष्णवर्णीय प्रवाशाला निर्धास्तपणे पेट्रोल, खाणे आणि विसावा मिळे. इमारत १९९५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत गेली, तरी २०२१ मध्ये राष्ट्रीय वारसा संस्थेला तिचे नाव सर्वाधिक धोक्यातल्या अकरा ठिकाणांत घालावे लागले. मालकी अजून थ्रेट कुटुंबाकडेच आहे आणि ती पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न तेच करत आहेत.

रूट ६६ च्या स्मरणरंजनाने एक चांगली गोष्ट नक्की केली : रस्ता लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवला. त्यामुळेच पुढच्या अभ्यासकांना ग्रीन बुकच्या यादीतली घरे शोधावीशी वाटली, आदिवासी राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेला या रस्त्याची आपली स्वतंत्र मार्गदर्शिका काढावीशी वाटली आणि थ्रेट यांच्या पंपाकडे वळून पाहणारे लोक निघाले. रंजनासाठी आलेला माणूस स्मरणापर्यंत पोहोचू शकतो, जर तिथे काही शिल्लक ठेवले असेल तर. सेलिग्मनच्या दुकानदाराला आणि लूथरच्या थ्रेट कुटुंबाला हवे आहे ते एकच : हमरस्त्यावरून जाणारी गाडी वळून आपल्या दारात थांबावी. पहिल्याच्या दारात ती पंचवीस-तीस वर्षांपासून थांबते आहे. दुसऱ्याच्या दारात किती थांबतात, यावर या शताब्दीचा हिशेब मांडावा लागेल.